ससनदिरी : मुंडांचा दगडी दस्तऐवज

या त्रैमासिकाच्या पानांतून आजवर ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर, निवाडपत्रें आणि नाना घराण्यांचीं दफ्तरें प्रसिद्ध झालीं आहेत. या सर्वांचा एक धर्म समान आहे. तो हा कीं, त्यांवर अक्षरें आहेत. ज्यावर अक्षर नाहीं तें आपण पुराणवस्तूंत घालतों, दस्तऐवजांत घालीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांपुढें असा एक दस्तऐवज ठेवीत आहों कीं, ज्यावर बहुधा एकही अक्षर नाहीं, ज्याची नक्कल होत नाहीं, जो जागेवरून हलविला असतां मुका होतो, आणि तरीही ज्याच्या आधारानें एका संबंध समाजानें आपला जमिनीचा, पाण्याचा व रानाचा हक्क सांगितला व अंशतः राखिला. हा विषय महाराष्ट्राबाहेरचा आहे हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्याचा धागा आपल्या स्मृतिग्रंथांस व आपल्या प्रांतांतील ताम्रपटांस कसा येऊन मिळतो हें वाचल्यावर कोणी तो परका मानणार नाहीं अशी उमेद आहे.

मुंडा लोकांचा मुलूख म्हणजे छोटा नागपूरचें पठार. त्यांतही आजच्या झारखंड राज्यांतील रांची व खुंटी या जिल्ह्यांचा डोंगराळ भाग. (आपल्या नागपूराशीं या नांवाचा घोटाळा करूं नये.) तेथील जुन्या गांवांत, वस्तीस लागूनच, पुष्कळदां चिंचेच्या छायेंत, मोठमोठ्या सपाट शिळा आडव्या ठेविलेल्या दिसतात. शिळेच्या खालीं टेंकू म्हणून लहान धोंडे असतात, त्यामुळें लांबून पाहणारास दगडी पाट मांडून ठेविल्यासारखे वाटतात. यांस मुंडारी भाषेंत 'ससनदिरी' म्हणतात. 'दिरी' म्हणजे दगड, व 'ससन' म्हणजे पूर्वजांच्या अस्थि ठेवण्याची जागा. मनुष्य मेल्यावर त्याच्या अस्थि मातीच्या भांड्यांत घालून जपून ठेवितात, आणि पिकें घरांत आल्यानंतर, योग्य काळीं, सर्व आप्तांस बोलावून, घराण्याची शिळा उचलून तें भांडें तिच्याखालीं ठेवितात. या विधीस 'जङ्‌तोपा' असें नांव आहे. 'जङ्‌' म्हणजे हाड व 'तोपा' म्हणजे पुरणें. एकेका शिळेखालीं एका घराण्याच्या कित्येक पिढ्या असतात. याखेरीज मृताच्या स्मरणार्थ उभे दगडही लावितात, त्यांचा प्रकार निराळा. आपल्या विषयाशीं मुख्य संबंध आडव्या शिळांचा आहे.

अशा शिळांचें सर्वांत मोठें स्थान चोकाहातु हें होय. त्याच्या नांवाचाच अर्थ शोकाचें ठिकाण असा करितात. कर्नल डाल्टन यानें १८७३ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांतून या मुलुखांतील दगडांची हकीकत प्रसिद्ध केली. सुमारें सात एकरांच्या जागेंत सात हजारांवर शिळा तेथें आहेत. एखाद्या घराण्याच्या दफ्तरांत सात हजार कागद सांपडले तर आपण तें दफ्तर पाहावयास किती कोस जाऊं, याचा वाचकांनींच विचार करावा.

'ससन' हा शब्द प्रथम पाहतांच आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास मोह होतो. ताम्रपटास आपण 'शासन' म्हणतों. तेव्हां हें दगडी शासनच होय, असें म्हणून टाळी घ्यावी असें वाटतें. परंतु हा मोह आवरिला पाहिजे. शब्दाचा ओढा 'श्मशान' या शब्दाकडेच अधिक आहे, आणि इच्छेनें व्युत्पत्ति सिद्ध होत नसते. ध्वनीचें हें साम्य योगायोगाचें असलें तरी अर्थाचें साम्य मात्र तसें नाहीं. कारण मुंडा लोक या शिळांस आपल्या गांवाचा पट्टाच मानीत आले आहेत.

तो पट्टा कसा, हें नीट समजून घेतलें पाहिजे. मुंडांच्या मूळ गांवव्यवस्थेस 'खुंटकट्टी' म्हणतात. ज्या घराण्यांनीं प्रथम रान तोडून गांव वसविलें तीं खुंटकट्टीदार. गांवाच्या शिवेंतील शेत, पडीत, ओढा, रान, सर्व त्या घराण्यांचें मिळून, एकट्याचें नव्हे. गांवच्या मुख्यास मुंडा, व कांहीं गांवांच्या समूहावरील अधिकाऱ्यास मानकी म्हणत. राजास जें द्यावयाचें तें वर्गणीसारखें असे. जमिनीचें भाडें म्हणून तें दिलें जात नसे. आतां कळीची गोष्ट ही कीं, गांवच्या ससनांत अस्थि ठेवण्याचा अधिकार गांव वसविणाऱ्या 'किली'स, म्हणजे कुळास, असे. मागाहून येऊन राहिलेल्या उपऱ्यास तो नसे. उलट, गांवचा मनुष्य दूरदेशीं मेला तर त्याच्या अस्थि मूळ गांवीं आणून शिळेखालीं ठेवीत. म्हणजे कोणतें घराणें मूळचें व कोणतें आगंतुक, गांवाची स्थापना कोणत्या कुळानें केली, हे सर्व प्रश्न त्या शिळा पाहून सुटत. आपल्याकडे मिरासदार व उपरी हा भेद होता. थळकऱ्याचें थळ कोणत्या मूळ घराण्याचें हें कुळकर्ण्याच्या थळझाड्यावरून कळे. मुंडांच्या गांवीं कुळकर्णी नव्हता. त्याचें काम शिळा करीत.

रान तोडणाराचें शेत, हा न्याय कांहीं रानटी समजुतीचा नव्हे. मनूनें नवव्या अध्यायांत, बीज व क्षेत्र यांचा वाद सांगतांना, खुंट काढून जमीन साफ करणाराचें शेत व ज्याचा बाण आधीं लागला त्याचें हरीण, असा पूर्वविदांचा निर्णय म्हणून दिला आहे. मनूच्या श्लोकांत जो 'स्थाणु' तोच आपल्या मराठींतील खुंट. खुंटकट्टी शब्दांतील 'खुंट' पदाचा अर्थ कोणी घराणें असा करितात. तोही ग्राह्य आहे. पण मराठी वाचकाच्या कानाला त्यांत तोडलेल्या झाडाचा बुंधाच ऐकूं येणार, आणि मनूचा दाखला पाहतां तो अगदींच चुकीचा ऐकूं येतो असें आम्ही म्हणणार नाहीं.

याहून महत्त्वाचा भाग पुराव्याचा. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं. लिखित हें त्या तिहींपैकीं एक, एकमेव नव्हे. मनूचें सीमाविवादाचें प्रकरण ज्यांनीं लक्षपूर्वक वाचलें असेल त्यांस तेथील दोन गोष्टी आठवतील. पहिली ही कीं, शिवेवर झाडें, तळीं, विहिरी हीं उघड चिन्हें तर करावींच, पण लोक शिवेविषयीं भ्रमांत पडतात म्हणून गुप्त चिन्हेंही जमिनींत पुरून ठेवावीं. त्या गुप्त चिन्हांच्या यादींत आरंभींच दगड व हाडें हीं दोन आहेत, आणि त्यामागून कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे इत्यादि. दुसरी गोष्ट अशी कीं, शिवेच्या वादांत शेजारच्या गांवांचे साक्षीदार न मिळाल्यास कोणास विचारावें? तर व्याध, पक्षी धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळें खणणारे, गारुडी, वेंचून खाणारे व इतर वनचर यांस विचारावें. आमच्या अध्यापनकाळांत हे श्लोक आम्हीं कितीदां तरी शिकविले असतील, परंतु यादी पाठ करून घेण्यापलीकडे त्यांचें कांहीं महत्त्व आम्हांस वाटलें नाहीं. दगडाखालीं खापराच्या भांड्यांत ठेविलेल्या अस्थि, व त्यांच्याविषयीं बोलणारे वनचर, हे दोन्ही पुरावे ज्या शास्त्रानें ग्राह्य धरले, त्याच शास्त्राचे अभिमानी लोक पुढें मुंडांच्या मुलुखांत सनदा घेऊन शिरले, ही या इतिहासांतील खेदाची बाब आहे.

तें असें झालें. छोटा नागपूरच्या नागवंशी महाराजांनीं आपल्या दरबारीं आलेल्या ब्राह्मणांस, रजपुतांस व व्यापाऱ्यांस गांवें लावून दिलीं. पुढें ठेकेदार आले. या लोकांच्या हातीं कागद होता. राजानें दिलें म्हणजे काय दिलें, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांस नवा नव्हता. विश्वजित् यागांत यजमानानें सर्वस्व दान करावयाचें असतें, मग राजानें पृथ्वीही द्यावी काय, अशी शंका काढून मीमांसकांनीं ती नाकारली आहे. भूमीवर सर्वांचा सारखाच संबंध आहे, हें त्याचें कारण. याच विचाराचा आधार घेऊन नीलकंठ भट्टानें व्यवहारमयूखांत स्पष्ट सांगितलें कीं, गांवांतील शेतांचें स्वामित्व त्या त्या भूमिधारकांचेंच. राजास केवळ कर घेण्याचा अधिकार. नीलकंठाचें घराणें मूळचें पैठणचें, काशींत जाऊन राहिलेलें. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें त्याचा ग्रंथ प्रमाण मानीत. पण पैठणच्या भट्टांचें हें मत छोटा नागपूरच्या जहागीरदारास ठाऊक नसावें, किंवा ठाऊक असून उपयोगाचें वाटलें नसावें. ज्यास कर दिला गेला तो मालक झाला, आणि जो मालक होता तो कूळ झाला.

इंग्रजी न्यायालयांनीं या उलथापालथीवर शिक्कामोर्तब केलें. तेथें कागद विचारीत; न्यायसभेची भाषा मुंडारी नव्हती; आणि ज्याच्याजवळ लिहिलेलें कांहीं नाहीं त्याच्याजवळ हक्कच नाहीं असें धरून चालण्याची पद्धत पडली. १८३१-३२ चा कोल लोकांचा उठाव हा या अन्यायाचा पहिला मोठा स्फोट. त्यानंतर १८६९ च्या कायद्यानें 'भुईंहरी' जमिनींची चौकशी झाली, ती १८८० पर्यंत चालली. पण तींत तुकड्यातुकड्यांची नोंद झाली. गांवाची सारी शीव, तींतील रान व पडीत, हें सर्व एका घराणेसमूहाचें आहे ही मूळ कल्पना त्या रकान्यांत बसली नाहीं. मुंडांच्या सरदारांनीं यानंतर अर्जांमागून अर्ज केले. कित्येक वर्षें चाललेल्या या चळवळीस 'सरदारी लढाई' असें नांव आहे, जरी तिचें मुख्य शस्त्र अर्ज हेंच होतें. मुंडांनीं ससनांतील दगड कलकत्त्यापर्यंत वाहून नेऊन, हे आमचे पट्टे, असें सरकारास दाखविलें, अशी गोष्ट त्या लोकांत सांगितली जाते. तिचा काळ व तपशील निरनिराळा सांगतात, म्हणून आम्ही ती पुरावा म्हणून मांडीत नाहीं. परंतु एखादा समाज स्वतःविषयीं कोणती गोष्ट सांगतो हेंही इतिहासाच्या अभ्यासकानें ऐकावयाचें असतें.

अर्ज निष्फळ झाल्यावर जें झालें तें सर्वश्रुत आहे. उलिहातु येथें १८७५ सालीं जन्मलेल्या बिरसा मुंडानें प्रथम धर्मोपदेशानें व मागाहून शस्त्रानें लोकांस उठविलें. १८९९ च्या डिसेंबरांत उठाव झाला, ९ जानेवारी १९०० रोजीं डोंबारीच्या डोंगरांत गोळीबार झाला, आणि त्याच वर्षीं ९ जून रोजीं रांचीच्या तुरुंगांत बिरसाचा अंत झाला. त्याचें वय पंचविसाच्या आंतच होतें. या उठावानंतर सरकारास जाग आली. जमिनींची नवी मोजणी व चौकशी सुरू झाली, आणि १९०८ सालीं छोटा नागपूर कूळकायदा झाला. मुंडांची जमीनव्यवस्था सरकारास समजावून देण्यांत जॉन हॉफमन या जर्मन जेझुइट पाद्र्याचा वांटा मोठा होता. याच गृहस्थानें पुढें मुंडारीचा प्रचंड कोश रचिला, ज्याचे खंड त्याच्या मृत्यूनंतर १९३० पासून निघूं लागले. १९०८ च्या कायद्यानें मुंडारी खुंटकट्टीदारी ही स्वतंत्र हक्क म्हणून ओळखिली व आदिवासींची जमीन इतरांच्या हातीं जाण्यावर निर्बंध घातला. पण तोंवर पूर्णपणें अखंड राहिलेलीं खुंटकट्टी गांवें शेंदीडशेंच उरलीं होतीं. शिळा मात्र भंगलेल्या गांवांतही होत्या. मालकी गेली तरी अस्थि तेथेंच राहिल्या.

या कायद्यावर पुढेंही वेळोवेळीं वार झाले. २०१६ सालीं झारखंडच्या विधानसभेनें त्यांत दुरुस्ती संमत केली. लोकांनीं विरोध केला. त्या वेळच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनीं २०१७ सालीं तें विधेयक परत पाठविलें व सरकारनें तें सोडून दिलें.

पाण्याचीही हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण तींतही शिळाच मध्यें येतात. दक्षिण कोयल व कारो या नद्यांवर धरणें बांधून ७१० मेगावॉट वीज काढण्याची योजना १९७० नंतरच्या दशकांत पुढें आली. धरणाच्या पोटांत जाणाऱ्या गांवांनीं ती अडविली. जमिनीचा मोबदला ठरवितां येतो, घराचाही ठरवितां येतो. पण ससन व सरना, म्हणजे रान तोडतांना देवासाठीं राखून ठेविलेली मूळची राई, यांचा मोबदला काय, या प्रश्नास उत्तर नव्हतें. शिळा उचलून दुसरीकडे मांडाव्या असें म्हणावें, तर ती शिळा ज्या गांवाचा पट्टा, तें गांवच पाण्याखालीं. २ फेब्रुवारी २००१ रोजीं तपकरा येथें पोलिसांच्या गोळीबारांत आठ जण मरण पावले. २००३ सालीं योजना गुंडाळली गेली. तपकऱ्यास त्या आठ जणांचें स्मरण दरवर्षीं करितात.

आतां अक्षरांकडे वळूं. भारताच्या संसदेनें १९९६ सालीं अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस विशेष अधिकार देणारा कायदा केला. लोक त्यास 'पेसा' म्हणतात. त्यानंतर ब्रह्मदेव शर्मा, बंदी उरांव इत्यादिकांच्या प्रेरणेनें झारखंडांत एक नवी प्रथा पडली, अथवा जुन्याच प्रथेला नवें रूप आलें. गांवच्या तोंडाशीं मोठा दगड उभारून त्यावर कायद्यांतील कलमें कोरावयाचीं. हीच पत्थलगडी. जे दगड आजवर मुके होते त्यांना वाचा फुटली. २०१७-१८ सालीं खुंटी जिल्ह्यांत या दगडांची जणूं लाट आली. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्या भागांत नोकरीनिमित्त असतां एका दगडाचें छायाचित्र आम्हांस पाठविलें. पुरुषभर उंचीहून मोठा, हिरवा रंगविलेला, पांढऱ्या अक्षरांचा; लेखनांत ऱ्हस्वदीर्घाचे दोष आहेत, पण ते कोणत्या ताम्रपटांत नसतात?

मजकूर वाचतांना आम्हांस आपल्या वऱ्हाडांतील चम्मक येथील ताम्रपटाची आठवण झाली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें आपल्या अठराव्या राज्यवर्षीं चर्मांक नांवाचा गांव एक हजार ब्राह्मणांस दिला. त्या पटांत गांवास मिळालेल्या सवलतींची लांबलचक माळ आहे. राजाच्या शिपायाप्याद्यांनीं गांवांत शिरूं नये, वेठ घेऊं नये, मीठ खणूं नये, आणि हें सर्व चंद्रसूर्य असेपर्यंत चालावें. पत्थलगडीच्या दगडावर तेंच आहे: ग्रामसभेच्या अनुज्ञेवांचून बाहेरच्यांनीं येऊं नये, वसूं नये, धंदा करूं नये. भेद इतकाच कीं, तेथें राजा देतो व घेणारा घेतो. येथें देणाराच कोणी नाहीं, गांव स्वतःविषयीं स्वतःच सांगतें. आपल्या कोरीव लेखांत रानांतील लोक येतात ते सहसा दुसऱ्याच्या तोंडून. अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत आटविकांना समज दिली आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तींत सर्व आटविक राजांस परिचारक केल्याची बढाई आहे. त्यांचा स्वतःचा कोरीव लेख आमच्या आढळांत पूर्वीं आला नव्हता, तो या हिरव्या दगडांच्या रूपानें आला.

म्हणून त्या दगडांवरील सर्वच मजकूर खरा मानावा असें नाहीं. लेख वाचणाराचें काम लेखाची भीड न धरतां वाचणें. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाचें पांचवें पोटकलम सांगतें कीं, अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठीं संचार व वास्तव्य यांच्या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालणारा कायदा राज्यास करितां येईल. कांहीं दगडांवर त्याचा अर्थ, बाहेरच्यांस बंदीच आहे, असा कोरला गेला. 'करितां येईल' आणि 'आहे' यांत जें अंतर आहे तें व्याकरणाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. परंतु चुकीचें वाचन व खोटा दस्तऐवज यांत फरक आहे. हर्षाच्या मधुबन ताम्रपटांत वामरथ्य नांवाच्या ब्राह्मणानें सोमकुंडका गांव कूटशासनाच्या बळावर उपभोगिला, म्हणून त्याचें तें शासन मोडून गांव दुसऱ्यांस दिला, असें लिहिलें आहे. तो लबाडीचा प्रकार. पत्थलगडी करणारांनीं लबाडी केली नाहीं. त्यांनीं छापील संविधान उघड्यावर कोरलें, व त्यांतील एक कलम आपल्या आशेप्रमाणें वाचलें. प्रकरण चिघळलें, पुष्कळ लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले. २९ डिसेंबर २०१९ रोजीं नव्या सरकारनें पहिल्याच बैठकींत ते मागें घेण्याचा ठराव केला. दगडावर संविधान कोरणें हा राजद्रोह कसा, हें कोडें आम्हांस सुटलेलें नाहीं.

मुक्या दगडास कायद्यानें स्पष्ट शब्दांत पुराव्याचें स्थान दिलें तें वनहक्कांच्या २००६ च्या कायद्यान्वयें १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या नियमांत. त्यांतील तेरावा नियम आमच्या मतें संशोधक मंडळाच्या प्रत्येक सभासदानें वाचण्यासारखा आहे. सरकारी कागदपत्रें व नकाशे यांच्या जोडीलाच त्यांत बांध, विहिरी, दफनभूमि, पवित्र स्थानें, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज इतर वृद्ध माणसांचें लिहून घेतलेलें कथन, हीं सर्व पुरावा म्हणून सांगितलीं आहेत. निर्णय करितांना एकाहून अधिक पुरावे विचारांत घ्यावे असेंही म्हटलें आहे. मनूची यादी आणि ही यादी शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. आपल्या प्रांतांत गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास याच कायद्यान्वये २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला; देशांत असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. त्याच जिल्ह्यांत भामरागडकडील माडिया गोंड मृतांच्या नांवें दगड उभे करितात. ते दगड कोठें, किती, कोणत्या कुळाचे, यांची गांववार टिपणें करण्याचें काम आपल्यापैकीं कोणी तरुण सभासदानें अंगावर घ्यावें. मात्र तीं टिपणें त्या गांवच्या ग्रामसभेस विचारून व तिच्या स्वाधीन एक प्रत करून व्हावीं. आणि दगड तेथेंच राहावा. छायाचित्र घ्यावें, उंची-रुंदी मापावी, दिशा लिहावी, जवळचें झाड, ओढा, शीव यांपासूनचें अंतर लिहावें, दगडाविषयीं बोलणाराचे शब्द जसेच्या तसे लिहावे. पण हात लावूं नये.

हें आम्ही कोणत्या अधिकारानें सांगतों असें कोणी विचारील. अधिकार एकच, तो अपराधाचा. आम्ही तरुणपणीं सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. सुट्टीच्या दिवशीं मुलांना घेऊन रानांत हिंडावें, जुनें कांहीं आढळल्यास शाळेच्या संग्रहांत आणावें, असा नाद होता. एका ठाकरवाडीच्या वरच्या अंगास ऐनाच्या झाडाखालीं चंद्रसूर्य कोरलेला एक काळा दगड होता. वाडींतलीं माणसें त्याला शेंदूर लावीत. तो वीरगळ आहे अशी आमची खात्री झाली, आणि दुसरे दिवशीं बैलगाडी पाठवून आम्हीं तो शाळेंत आणविला. कोणी अडविलें नाहीं. मास्तरांना कोण अडविणार?

नवे नियम झाल्यावर दोन-तीन वर्षांनीं त्या वाडींतील एक वृद्ध गृहस्थ पत्ता काढीत आमच्या घरीं आले. वाडीनें रानाचा दावा लाविला होता. पूर्वजांचें ठिकाण कोणतें तें दाखवा असें चौकशींत विचारलें होतें. ते म्हणाले, "गुरुजी, आमचा वीर तुम्ही नेला होता. तो कुठं उभा होता तेवढं कागदावर लिहून द्या." आम्हीं त्यांच्याबरोबर गेलों. ऐन तोडला गेला होता, ओढ्यानें पात्र बदललें होतें, आणि ती जागा आम्हांस ओळखतां आली नाहीं. जेवढें आठवलें तेवढें आम्हीं लिहून दिलें, सही केली. मग दगड तरी परत मिळावा म्हणून आम्ही उभयतां शाळेंत गेलों. मुख्याध्यापक सभ्य होते. परंतु तो दगड शाळेच्या जडवस्तूंच्या नोंदवहींत चढला असल्यामुळें वरून हुकूम आल्यावांचून तो देतां येत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. नोंदवही त्यांनीं काढून दाखविली. अनुक्रमांक, तारीख, वर्णन: काळा दगड, कोरीव, उंची सवादोन फूट. पुढें 'मूळ ठिकाण' असा रकाना होता. तो कोरा होता. त्या पानावरचें अक्षर आमचें होतें.